काठावर कोण उभं राहतं

आमचे हे गेले तेव्हा सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला, आता जरा झोप. सहा-सात वर्षं हे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते आणि तेवढी वर्षं माझा एक कान त्यांच्या श्वासाकडे होता. आंबोळी तव्यावर असली तरी कान आतल्या खोलीत. दारात कोणाशी हसून बोलत असले तरी कान आतल्या खोलीत. हे गेल्यावर लोकांना वाटलं, सुटली बिचारी. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण कानाला कोण सांगणार? तो आपला ऐकतच राहिला, आणि ऐकायला काही नव्हतं.

आमचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. वाडीच्या मागच्या अंगाला खाडीचं पाणी येतं. घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण घरचं. घरात माणसं दोनच, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. मी नवरी होऊन उंबरा ओलांडला तेव्हा माप सरळ ठेवायला त्याच वाकल्या होत्या. त्यामुळे ह्यांच्याबरोबर जेवढा संसार झाला तेवढाच वन्संबरोबरही झाला, भांडणं मात्र वन्संबरोबर जास्त.

मुलगा पनवेलला असतो. गेल्या दिवाळीत त्याने विषय काढला. "आई, तू आता आमच्याकडे ये. आत्याला भेटायला आपण अधूनमधून येत जाऊ." वन्सं तिथेच बसून नारळ खवत होत्या. त्यांची विळी थांबली नाही की मान वर झाली नाही. मी म्हटलं, बघते, संक्रांतीपर्यंत सांगते. त्यानंतर आम्हा दोघींमध्ये त्या गोष्टीचा एक शब्द झाला नाही. तसं आमचं दिवसभर बोलणं चालू असतं, मिठापासून देशाच्या कारभारापर्यंत.

आता खाडीच्या पाण्याचं सांगते.

आमच्याकडे येणारे पाहुणे दोन प्रकारचे. एक खाऊनपिऊन झोपणारे, ते मला आवडतात. दुसरे पाठीवर बोचकी घेऊन डोंगर चढणारे, समुद्रात पोहणारे, खाडीत त्या निमुळत्या प्लॅस्टिकच्या होड्या वल्हवणारे. कयाक म्हणतात त्याला. वन्सं त्याला टोपलं म्हणतात. ही माणसं पहाटे उठून जायची आणि खरचटून, भिजून, उन्हाने लाल होऊन परत यायची, वर पैसेही द्यायची. मला ह्याचं फार कुतूहल. नाश्ता वाढताना मी प्रत्येकाला विचारायची, का हो जाता? घरी काही कमी आहे का?

पुण्याचा एक बँकेतला माणूस म्हणाला, डोंगरावर गेलं की डोकं रिकामं होतं. मी म्हटलं, त्यासाठी डोंगर कशाला, आमच्या गावात कितीतरी जणांची घरबसल्या रिकामी आहेत. तो हसला आणि त्याने आणखी दोन आंबोळ्या घेतल्या. एक मुलगी कडे चढायची, दोर लावून. ती म्हणाली, "काकू, ऑफिसात माझी चूक झाली तर ती आठवड्याने कळते, तीही दुसऱ्याच्या तोंडून. कड्यावर लगेच कळते." वन्संनी विचारलं, "मग बरं वाटतं?" ती म्हणाली, हो. वन्सं आत येऊन मला म्हणाल्या, "हिचं लग्न ठरवायला हवं."

आणि एक पन्नाशीचा गृहस्थ होता, अगदी अबोल. रोज सकाळी समुद्रात लांब पोहून यायचा. त्याला मी विचारलं नव्हतं, तरी निघायच्या दिवशी चपला घालता घालता त्याने आपणहून सांगितलं. "वडील गेले माझे. रडूच येत नाही. पाण्यात येतं." एवढं बोलून तो गाडीत बसला. त्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

पाहुण्यांना खाडीत नेणारी मुलगी आमच्या गावचीच, कोळीवाड्यातली. बाप मासेमारी करतो आणि ही पर्यटकांना वल्हवायला शिकवते. तिच्या दोन होड्या आमच्या वाडीच्या टोकाला बांधलेल्या असतात. एकदा तिचा एक पाहुणा आयत्या वेळी आला नाही. ती मला म्हणाली, "काकू, येता का? जागा रिकामी हाय." काय झालं मला कोण जाणे, मी पदर खोचला आणि गेले.

पहिल्यांदा बसले ती अगदी जपून. होडी इतकी हलकी की शिंकलं तरी डुलते. खाडीच्या मध्यावर गेलो आणि मला भीती वाटली, अगदी खरीखुरी. वल्हं इतकं आवळून धरलं की ते पाण्यात घालायचंच विसरले. आणि त्या भीतीतच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही भीती माझी होती. माझं काय होईल, मी बुडेन का, माझा हात सुटेल का. इतकी वर्षं मी भ्यायले ती ह्यांच्यासाठी. माझ्या वाटची भीती मला कितीतरी वर्षांनी मिळत होती. ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण मला बरं वाटलं. म्हणजे बुडू नये असं मला वाटतंय, म्हणजे मला जगायचंय, हे मलाच नव्याने कळलं. घरी येऊन मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मग नादच लागला. आठवड्यातून दोनदा, तीनदा. वर्षभरात इतकी सरावले की ती मुलगी मला एकटीला होडी द्यायला लागली. गावात बोलणी झाली, ती होणारच. एक बाई म्हणाली, नवरा गेल्यावर हिला पंख फुटले. मी तिला म्हटलं, पंख नाही गं, वल्हं आहे, हवं तर तुलाही देते.

पण वन्संचं मला कळेना. त्या भांडल्या असत्या तर मी तयार होते. त्या भांडत नव्हत्या. मी होडी सोडली की त्या वाडीच्या टोकाला यायच्या, पडलेल्या सुपाऱ्या वेचायला म्हणून. सुपाऱ्या पडायचा हंगाम नसला तरी वेचायच्या. मी परत येईपर्यंत तिथेच, आणि मी आले की एक अक्षर न बोलता घरात. मार्गशीर्षात एकदा मीच चिडले. "वन्सं, तोंडाने बोला काय ते. नुसतं उभं काय राहायचं?"

त्या म्हणाल्या, "बोलते. का जातेस ते सांग. एक कारण सांग, पटलं तर परत विचारणार नाही."

आणि मला सांगता येईना. दुनियेला नाश्त्याबरोबर हाच प्रश्न विचारणारी मी, स्वतःवर आल्यावर तोंड उघडून नुसती उभी. भीतीचं वगैरे त्यांना कसं सांगायचं? ज्यांच्यासाठी मी भ्यायले तो त्यांचा भाऊ होता.

"नाही ना सांगता येत?" वन्सं म्हणाल्या. "मग मीच येऊन बघते. एवढं काय ठेवलंय त्या चिखलात."

मला वाटलं, बोलून जातील. पण पौषातल्या एका सकाळी त्या खरंच तयार होऊन आल्या. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, त्यावर ते केशरी लाइफ जॅकेट, हातात घावन आणि गुळाचा डबा. मी हसले तर म्हणाल्या, "हसायला काय झालं? आरसा मीही बघितलाय."

त्या दिवशी ती मुलगी पाहुणे घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर गेली होती. आदल्या संध्याकाळी तिने मला बजावलं होतं, काकू, साडेआठनंतर तिवरांच्या फांदीत शिरू नका, पाणी उतरतं. फांदी म्हणजे खाडीचा एक अरुंद फाटा, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं. तिथे पाणी असेल तर स्वर्ग, नसेल तर नुसता चिखल. तिने वेळ बघितली होती मोबाइलवर. वन्संना मोबाइलवरची वेळ मान्य नाही.

आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशोब तिथीवर चालतो. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हे माझ्या सासऱ्यांनी वन्संना शिकवलं आणि वन्संनी मला, त्यामुळे मोबाइलपेक्षा माझाही त्यावरच भरवसा जास्त. "काल एकादशी झाली," वन्सं म्हणाल्या. "पहाटे वरणभात खाऊन पारणं फेडलं, आज द्वादशी. नऊपर्यंत पाणी चढतं आहे. चल, तुझ्या त्या फांदीतच ने मला."

चूक इथे झाली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकते. त्या पंधरवड्यात एकादशा दोन होत्या, आदल्या दिवशी स्मार्त आणि त्या दिवशी भागवत. आमच्या घरात स्मार्त पाळतात, म्हणून आमचा उपास काल झाला. पण तिथी आज सकाळीही एकादशीच होती. शेजारच्या आळीत त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी शिजत होती, तिचा वास आम्हा दोघींनाही आला होता. तरी दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उपास सुटला म्हणजे तिथी संपली, असा आमचा हिशोब. चंद्राला कुठे ठाऊक आमच्या घरात काय पाळतात?

फांदीत शिरलो तेव्हा पाणी भरलेलं आणि अगदी निवांत होतं. वन्सं पुढे बसल्या होत्या, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. जरा वेळाने एक हात सुटला, मग दुसरा. एक खंड्या समोरून निळा झपकन गेला. वन्सं म्हणाल्या, "शांत आहे गं." मी म्हटलं, आहे ना. आणखी आत गेलो. तिथे थांबलो, घावन काढलं, खाल्लं. वन्संना त्यांच्या आईची कुठलीशी गोष्ट आठवली, ती सांगून होईपर्यंत मी ऐकत बसले. मग वल्हं घातलं तर ते मऊ काहीतरी ढवळून वर आलं, चिखल.

मी जोर केला, वन्संनी हातानेच पाणी मागे सारून बघितलं. होडी जागची हलेना. अर्ध्या तासात आजूबाजूचं पाणी असं गेलं की जणू कोणी खालून बूच काढलं. दोन म्हाताऱ्या, केशरी जॅकेटं घालून, चिखलाच्या मधोमध एका टोपल्यात. बाजूला निवट्या, चिखलातले ते बटबटीत डोळ्यांचे मासे, उड्या मारत होत्या, आमच्याकडे बघत.

फोन पिशवीत होता, नशीब. त्या मुलीला लावला. ती म्हणाली, "काकू, घाबरू नका आणि चिखलात उतरू नका, कमरेइतका हाय तो. संध्याकाळी पाणी आलं की मीच येते दोर घेऊन. प्यायचं पाणी पाठवायची सोय करते." दुपारी तिच्या बापाने तिवरांच्या मुळांवरून तोल सांभाळत येऊन पाण्याच्या बाटल्या आणि केळी फेकली, आणि मान हलवत गेला. बाकी दिवसभर आम्हाला काय काय अडचणी आल्या ते बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगणार नाही.

पहिला तासभर वन्संनी स्वतःला शिव्या घातल्या. मग मला घातल्या. मग उपासाच्या दिवसाचा उलगडा झाला आणि त्या इतक्या हसल्या की होडी चिखलात डुलली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं हसण्याचंच, पण ते थांबेना.

"तू जाशील ना पनवेलला?" त्या म्हणाल्या.

त्या पुढे बसलेल्या, त्यामुळे मला त्यांची पाठच दिसत होती. मी म्हटलं, अजून काही ठरवलेलं नाही.

"मीच सांगितलं त्याला."

"कोणाला?"

"तुझ्या मुलाला. दिवाळीच्या आधी फोन केला मी. म्हटलं, आईला घेऊन जा तुझ्याकडे."

 मला संताप आला, असा की उठून उभी राहणार होते, पण उभं राहायला जमीन कुठे होती? "माझ्याच घरातून मला घालवायला निघालात?" मी म्हटलं. "आणि त्या दिवशी काही ठाऊक नसल्यासारख्या नारळ खवत बसलात? का पण? मी काय वाईट केलं तुमचं?"

वन्संनी मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग तशाच, मागे न बघता बोलल्या. "दादूच्या उशाशी तू बसायचीस. मी माजघरात बसायची. तू त्याचा श्वास ऐकायचीस, मी तुझा. तू उठलीस, तू बसलीस, तू रडलीस, सगळं मला भिंतीतून कळायचं. तो गेला. मला वाटलं, आता दोघी निवांत जगू. तर तू हे टोपलं काढलंस. रोज तू त्या वळणावरून दिसेनाशी होतेस आणि मी काठावर. परत येईल का, नाही येईल. येईल का, नाही येईल. माझ्याने होत नाही गं आता. रोज रोज वाट बघण्यापेक्षा एकदाच जा. सुखात आहेस एवढं कळलं की मी आपली वाडी बघत राहीन."

दादू म्हणजे माझे हे. हे धाकटे असूनही त्या ह्यांना दादू म्हणायच्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पाण्यावर जाऊन हलकी होऊन येत होते, तीन तीन भाकऱ्या खात होते, आणि मला वाटत होतं, माझी जुनी भीती संपली. ती कुठली संपते? ती मी वाडीच्या टोकाला वन्संच्या ओटीत घालून जात होते. मला त्या सगळ्या पाहुण्यांची आठवण झाली. डोकं रिकामं करणारा, कड्यावर चढणारी, पोहत रडणारा. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेलं असणार. त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं, घरी कोण थांबलंय म्हणून.

मग मी वन्संना सांगितलं. का जाते ते सांगितलं, जमेल तसं, तुटक तुटक. ह्यांच्या श्वासाचं, पाण्यावरच्या त्या भीतीचं, आणि बुडू नये असं वाटलं त्याचं. "मला जगावंसं वाटत नव्हतं, वन्सं," मी म्हटलं. "हे गेल्यावर. तुम्हाला बोलले नाही. पाण्यावर गेले तेव्हा वाटायला लागलं." हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. हातभर रुंद होडीत, चिखलात रुतून, एका पाठीला सांगितलं. त्यांनी हात मागे केला. चेहरा नाही वळवला, नुसता हात. मी तो धरला आणि आम्ही तशाच बसून राहिलो, कितीतरी वेळ. ऊन तिवरांच्या मागे गेलं.

"मग मी जायची बंद होऊ का?" मी विचारलं.

"मी कुठे म्हटलं तसं?" वन्सं म्हणाल्या. मग उरलेलं केळं सोलून त्यांनी अर्धं मागे माझ्या हातात दिलं.

दिवेलागणीला पाणी आलं. आधी चिखलावर नुसती ओल चमकली, मग होडीखाली कुजबुज झाली आणि होडी उचलली गेली. वळणावर त्या मुलीची होडी दिसली. दोराने ओढत तिने आम्हाला वाडीच्या टोकाशी आणलं. तिथे माझा मुलगा उभा होता. तिने दुपारी त्याला फोन केला होता आणि तो कामावरून तसाच निघाला होता. ऑफिसचे बूट, इस्तरीची पँट, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात. त्याच्याकडे बघून मला कसंतरीच झालं. लहानपणी ताप आला की व्हायचा तसा चेहरा झाला होता त्याचा.

"आई, पुरे झालं," तो म्हणाला. त्याने होडीची कड घट्ट पकडली. "संक्रांत-बिंक्रांत काही नाही. आजच्या आज बॅग भर. मी तुला इथे ठेवणार नाही."

मी काही बोलायच्या आत वन्सं होडीतून उतरल्या. कासोटा सुटायला आलेला, पाय आखडलेले, त्या त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चिखलात उभ्या राहिल्या. क्षणभर दम घेतला.

"मीच तुला सांगितलं होतं ना, आईला ने म्हणून?"

"हो आत्या, आणि तुझंच खरं होतं."

"आता मीच सांगते, नको नेऊस." त्यांनी त्याच्या गालावरचा चिखल अंगठ्याने पुसला, तो अंगठाही चिखलाचाच होता. "तू शहाणा आहेस, तुला बायको आहे, लेक आहे. मला कोण आहे? मला लागते ती."

मुलाने आत्याला दोन्ही हातांनी सावरून धरलं. ती कोळ्यांची पोरगी दोर गुंडाळता गुंडाळता थांबली. ज्या बाईने जन्मभर ह्या घरात स्वतःसाठी साधी साडी मागितली नाही, तिने त्या संध्याकाळी माझ्या मुलाकडे मला मागून घेतलं. मी होडीतच बसून राहिले आणि हुंदके देऊन रडले, ह्यांच्या वेळीही रडले नव्हते इतकी.